पिस्तुलासाठी बारीक रवा

जाळायच्या कचऱ्याची पिशवी घेऊन मी खाली उतरत होते, तेव्हा इंगळेकाकांचा फोन आला. काका सकाळी कधी फोन करत नाहीत. "मृणाल, सुनंदा गेली," ते म्हणाले. "पहाटे. झोपेतच गेली. तू ये, पण घाई नको करू. पोरीला शाळेत पोचवून ये." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी पिशवी कावळ्यांनी उपसू नये म्हणून लावलेल्या जाळीखाली ठेवली, जाळी चारी बाजूंनी नीट ओढून घेतली, शेजारच्या जपानी आजींच्या 'ओहायो गोझाइमास'ला, सकाळच्या नमस्काराला, उत्तरही दिलं. लिफ्टमध्ये शिरल्यावर मात्र मला आठवा मजला दाबायचं सुचेना. दार बंद झालं आणि मी तशीच उभी राहिले...

आता त्याला काही आठवडे झाले. मराठी मंडळाच्या शोकसभेत सगळे भरभरून बोलले. नव्यानं आलेल्या किती मुलींना सुनंदामावशींनी घर शोधून दिलं, बाळंतपणात किती जणींच्या घरी डिंकाचे लाडू पोचवले, योकोहामात चाळीस वर्षं राहूनही बोलण्यातलं नागपूर कसं सुटलं नाही. सगळं खरं होतं. पण मला ज्या मावशी सगळ्यात जवळून माहीत होत्या, त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही, कारण फार थोड्यांना ते ठाऊक होतं. त्या मावशी दर दुसऱ्या महिन्यात एका रविवारी बांगड्या काढून ठेवत आणि डोंगरातल्या एका छोट्या रेंजवर जाऊन दीडशे वर्षांहून जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू भरत.

आमची ओळख गणपतीत झाली. भाड्यानं घेतलेल्या हॉलच्या स्वयंपाकघरात मी प्रसादाचा शिरा करत होते. जपानला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्याशा एक बाई माझ्या शेजारी आल्या, रव्याच्या पिशवीत हात घातला आणि चिमूटभर रवा दोन बोटांत चोळून बघू लागल्या.

"हा कुठून आणला?"

"आमच्या ओजिमाच्या दुकानातून."

"आमच्याकडे जाडाच येऊन राहिला. मला बारीक पाहिजे."

"शिऱ्याला जाडाच बरा असतो ना, मावशी? आज तो मिळाला नाही म्हणून हा आणला."

"शिऱ्याला नाही गं. पिस्तुलाला पाहिजे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पलीकडे नारळ खवणाऱ्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसून पुन्हा खोवायला लागल्या. मावशींनी उरलेला रवा एका डब्यात भरून मागून घेतला आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात घरी ये. दाखवते."

घरी गेले. योकोहामातल्या चढावरचं जुनं, दोन खोल्यांचं घर. काकांनी चहा केला, आणि मावशी आतून एक कुलपाची पेटी घेऊन आल्या म्हटल्यावर कप उचलून गॅलरीत जाऊन बसले. पेटीत टॉवेलवर एक छोटं रिव्हॉल्व्हर होतं. इतकं छोटं, की माझ्या तळहातात मावलं असतं. लाकडी मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली, पाच गोळ्यांचं फिरतं चक्र, आणि चक्राच्या एका अंगाला गंजानं खाल्लेले बारीक खड्डे. यात पितळी काडतूस बसत नाही. चक्रातल्या प्रत्येक घरात, म्हणजे भोकात, दारू ओतायची, त्यावर वाटाण्याएवढी शिशाची गोळी दाबायची, आणि मागून तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. चाप ओढला की हातोडी टोपीवर पडते, दिवाळीतल्या टिकलीसारखी ती उडते आणि आतली दारू पेटते.

हे हत्यार मोरिता-सान यांचं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मावशींनी त्यांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम धरलं होतं. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचं, सामान पुसायचं, बांधून द्यायचं. मोरिता-सानचे पणजोबा बंदर नवं असताना तिथं हमाली करायला आले होते, आणि कुठल्याशा जहाजावरच्या कारकुनानं त्यांना हे दिलं, अशी घरात गोष्ट होती. खरी की खोटी, ते मोरिता-सानलाही सांगता येत नव्हतं. त्यांचे वडील वर्षातून एकदा रेंजवर जाऊन ते उडवत आणि लहानगा मोरिता कानांवर हात ठेवून मागे बसत असे. पुढे एका जाणकारानं सांगितलं, लोखंड थकलंय, यात पुन्हा दारू घालू नका. तेव्हापासून ते काचेच्या कपाटात पडून होतं. जपानमध्ये असं पुरातन हत्यार नोंदणी करून घरात ठेवता येतं. उडवायचं तर फक्त रेंजवर, दारूचा परवाना काढून, आणि मोरिता-सान जुन्या बंदुकांच्या ज्या जतन मंडळाचे सभासद होते त्यांच्या देखरेखीखाली. ऐंशीच्या पुढे गेल्यावर मोरिता-सान कपाट पुसताना मावशींना एकदा म्हणाले, "एकदा याचा आवाज पुन्हा ऐकायला मिळाला असता तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून दुसऱ्या कपाटाकडे वळले.

मावशींनी ते वाक्य सोडलं नाही. पूर्ण दारू झेपत नसेल तर निम्मी घालता येणार नाही का, असं त्यांनी मंडळातल्या ओकाबे-सानना विचारलं. ओकाबे-सानचा इचिकावाला सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना, आणि मंडळातल्या सगळ्या बंदुकांची दुरुस्ती तेच करत. त्यांनी मान हलवली. दारू कमी घातली की गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी उरते आणि ती पोकळीच घात करते, म्हणाले. मग पोकळी भरायची कशानं? लाकडाचा भुसा झाला, बुचाचा चुरा झाला. एक हलकं, दुसरं एकसारखं बसेना. "मी रोज सकाळी उपमा करते," मावशी मला सांगत होत्या. "जे हाताला लागतं तेच माणसाला सुचणार ना. मी डब्यात रवा घेऊन गेली." ओकाबे-सान रवा बघून हसले, मग म्हणाले, बाहेरच्या देशांत या कामाला दळलेलं धान्य वापरतात असं मी ऐकलंय, करून बघू. जाडा रवा छोट्या घरात नीट दाबला जाईना, बारीक चपखल बसला. खाली नखभर दारू, वर रवा, त्यावर गोळी.

पहिल्यांदा कुणाच्या हातात दिलं नाही. लाकडी चौकटीत आवळून, चापाला दोरी बांधून सगळे भिंतीआड उभे राहिले. दोरी ओकाबे-साननी ओढली. आवाज आला तो कोरडा, हलका, जाड पुस्तक फरशीवर पडावं तसा. समोरच्या कागदाला भोक पडलं होतं. ओकाबे-साननी भिंग लावून चक्र पुन्हा पुन्हा तपासलं, कुठे चीर नव्हती. मोरिता-सान कागदापाशी जाऊन भोकाला बोट लावून आले. मग म्हणाले, "वडील उडवायचे त्यापेक्षा लहान आवाज आहे." आणि थोड्या वेळानं, "मीही तेव्हा लहानच होतो." पुढची काही वर्षं ते जमेल तसे येत राहिले. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं रिव्हॉल्व्हर मावशींच्या नावावर करून दिलं. वडिलांचा आवाज तुम्हीच परत आणलात, म्हणाली.

हे सगळं मला आवडलं होतं, तरी एक गोष्ट कळत नव्हती. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर रेंजवर गेले त्या दिवशी परतीच्या गाडीत मी विचारलं, काका कधी येत नाहीत का? मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. "नाही येत. येणारही नाहीत. माझे बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते ना." विदर्भातल्या एका वसाहतीत त्यांचं लहानपण गेलं. सातवीत असताना एका दुपारी शाळेच्या खिडक्यांची तावदानं हलली. बाईंनी फळ्यावरचा खडू थांबवला, आणि वर्गातली सगळी मुलं एकमेकांकडे बघू लागली, कारण प्रत्येकाचं कुणी ना कुणी आत होतं. "त्या दिवशी तिघं गेले. बाबा त्यातले एक. यांना लग्नाच्या आधी आईनं सगळं सांगितलं होतं. म्हणून हे म्हणतात, ज्या वस्तूनं तुझे बाबा नेले ती बघायला मी येणार नाही. मला कधी नको नाही म्हटलं बरं... पण येत नाहीत."

"मग तुम्ही कशा गेलात, मावशी, या दारूच्या वाटेला?"

त्या खिडकीवरून माझ्याकडे वळल्या. "लहानपणी मला वाटायचं, दारू म्हणजे डोंगराएवढं काहीतरी असणार. बाबांना घेऊन जायचं म्हणजे... पण मी ती कधी बघितलीच नव्हती. इथे ओकाबे-साननी पहिल्यांदा चमच्यात दाखवली. काळी, मोहरीसारखी. एवढीशी. मला राग आला आधी. मग वाटलं, हिला मोजता येतं. हिला सांगता येतं, एवढंच काम कर, जास्त नको करू. बाबा हेच करत असणार ना रोज? ते काही मरायला जात नव्हते, कामाला जात होते. मला ते काम बघायचं होतं."

मावशी दारू भरताना बोलत नसत. आधी बांगड्या काढायच्या, नंतर ओल्या फडक्यानं हात पुसून कोरडे करायचे, आणि एका घरात दारू पडली की मापाच्या नळीला झाकण लावल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. कुणी मध्ये हाक मारली तर हातातलं खाली ठेवून, पूर्ण वळून उत्तर देत. शेजारच्या टेबलावर मोठ्या बंदुकांचे बार दणाणायचे, धुराचे लोट उठायचे. मावशींचं रिव्हॉल्व्हर त्यात जेमतेम खोकल्यासारखं वाजायचं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "म्हाताऱ्या माणसाला आपण पुरणपोळीचा आग्रह करतो का?" त्या म्हणायच्या. "मऊ भात द्यायचा. जगतो मग."

मला त्यांनी यात का ओढलं, ते तेव्हा कळलं नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला चार वर्षं नोकरी केलेली, नवऱ्याच्या काँट्रॅक्टमुळे इथं आलेली. ओजिमाच्या घरात सकाळी दोघं बाहेर पडले की मी आणि कपडे वाळवायची गॅलरी. मुलगी इरा वर्षभरात जपानीत भांडायला लागली आणि मला कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, पिशवी हवी का एवढं विचारलं तरी घाम फुटायचा. मुलाखती दिल्या. सगळीकडे नम्रपणे नकार. मावशींनी एक दिवस विचारलं, "मायक्रोमीटर वापरता येतो का गं?" आणि मला गोळ्या मोजायला बसवलं. ओतीव गोळ्यांत केसाइतका फरक असला तरी त्या मी बाजूला काढायचे. कित्येक महिन्यांनी माझ्या हातांना काहीतरी ओळखीचं लागलं होतं.

मग मीही दारू भरायचा परवाना काढावा असं निघालं. पोलिसांच्या खिडकीवर मावशी माझ्याबरोबर आल्या, पण दोन पावलं मागे उभ्या राहिल्या. तिथला अधिकारी सभ्य होता, तरी प्रश्न तेच होते: कशासाठी, कुणाच्या देखरेखीखाली, तुम्हालाच का? मी पाठ करून गेले होते. तिसऱ्या वाक्याला अडखळले, मागे वळून बघितलं. मावशी भिंतीवरचं रस्ता-सुरक्षेचं चित्र बघत होत्या. मी पुन्हा सुरुवात केली, चुकतमाकत, हातवारे करत, एकदा तर कागदावर चित्र काढून. अधिकाऱ्यानं शेवटी मान डोलावली आणि पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. जिन्यात मला रडूच आलं.

"तुम्ही एक शब्द बोलला असता तर काय झालं असतं, मावशी?"

"परवाना मिळाला असता," त्या म्हणाल्या. "पण तो माझ्या बोलण्याला मिळाला असता. तुझ्या नाही." आणि मला जवळच्या दुकानात नेऊन गरम उदोन नूडल्स खाऊ घातल्या.

परवाना मिळाला. त्याच खिडकीवरची मोडकी वाक्यं पुढे ओकाबे-सानच्या कारखान्यात कामाला आली. गोळ्या मोजताना त्यांनी मला बघितलं होतंच. आधी आठवड्यातून दोन दिवस बोलावलं. आता मी तिथं पूर्णवेळ तपासणी विभागात आहे. ओजिमाहून गाडीत बसते, नदी ओलांडते, आणि तिथली माणसं मला मृणाल-सान म्हणतात. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "डबा काय नेते?"

दोन वर्षांपूर्वीच्या शिशिरात मावशींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसायचं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, औषध सुरू झालं. रेंजवर कुणाला काही कळलं नव्हतं. एका रविवारी तिसऱ्या घरात दारू ओतताना चारदोन काळे कण टेबलावर पडले. वाऱ्यानंही पडले असते. मावशींनी नळीला झाकण लावलं, ती खाली ठेवली, नेम धरून उभं राहायच्या रेषेच्या मागे गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जपानीत म्हणाल्या, "माझे हात आजपासून या कामाला योग्य नाहीत. आजवर सांभाळून घेतलंत, आभारी आहे." वाकून नमस्कार केला. मंडळातले वयस्कर लोक एकदम उभे राहिले आणि त्यांनीही वाकून नमस्कार केला. कुणी 'अहो, तसं काही नाही' म्हटलं नाही. मला आधी तो कठोरपणा वाटला... नंतर वाटलं, त्यांनी मावशींचा शब्द जसा होता तसा स्वीकारला.

मावशी घडीच्या खुर्चीत बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "चल. अर्धं राहिलंय. आता तू."

"मला नाही जमणार आज."

"कशाला भिऊन राहिली? भीती असू दे. माझी पण कधी गेली नाही. भीती गेली की लोक झाकण उघडं ठेवतात."

मी बांगडी काढली. बाकीची घरं मी भरली, रेषेवर उभी राहिले आणि चाप ओढला. हातात धक्का जाणवला तो एखाद्या मुलानं हात धरून ओढावा एवढाच. पाठीमागून मावशींचा आवाज आला, "झालं. आता श्वास घे."

त्यानंतर जमेल तोवर त्या प्रत्येक वेळी आल्या, खुर्चीत बसल्या, हाताला झेपेल ते केलं. शेवटचे काही महिने घराबाहेर पडता येईना. जाण्याच्या पंधरवडाभर आधी मी भेटायला गेले, तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता. जतन मंडळात दोन नवीन मुली आल्यात, एक योकोहामाचीच, कॉलेजात शिकणारी आहे, असं मी सांगितलं. मावशींनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "त्यांना आधी चमच्यात दाखव. पेटवून नको दाखवू. नुसती दाखव." त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो.

मागच्या रविवारी रेंज होती. मी जाणार नव्हते. शनिवारी काकांचा फोन आला, उद्या किती वाजता निघायचं? मला वाटलं, ते पेटी सोपवण्याबद्दल बोलतायत. पण सकाळी योकोहामाच्या स्टेशनवर काका स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात, पेटी आणि नोंदणीपत्र घेऊन उभे होते. गाडीत त्यांनी पेटी मांडीवरच धरली होती. रेंजवर ओकाबे-साननी त्यांना मावशींच्या खुर्चीकडे नेलं. काका बसले नाहीत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. नव्या मुली आल्या होत्या. मी त्यांना चमच्यात दारू दाखवली, समजावून सांगितलं. वळून बघते तर काका जवळ येऊन वाकले होते.

"एवढीच?"

"एवढीच, काका."

ते बराच वेळ बघत राहिले. "सासूबाईंना दाखवायला पाहिजे होती," म्हणाले. मग मागे गेले आणि कानांवर संरक्षक चढवले. पाचही बार मी उडवले. प्रत्येक बाराला काका दचकत होते, आणि मागे सरकत नव्हते.

संध्याकाळी आम्ही योकोहामाच्या घरी आलो. उडवून झालं की रिव्हॉल्व्हर त्याच दिवशी उकळत्या पाण्यानं धुवावं लागतं, नाहीतर रात्रीत गंज धरतो. मावशी ते स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये करत. मी सुटे भाग टॉवेलवर मांडत होते, तोवर काकांनी न सांगता मोठं पातेलं गॅसवर चढवलं होतं. कुठलं पातेलं ते त्यांना माहीत होतं. ब्रश कुठे असतो, पुसायला कुठला जुना बनियन, कुठल्या शिशीतलं तेल, सगळं माहीत होतं. इतकी वर्षं गॅलरीत बसून त्यांनी सगळं बघितलेलं होतं. गरम पाणी पडलं तसं बेसिनमध्ये काळं काळं वाहायला लागलं आणि नासक्या अंड्यासारखा गंधकाचा वास घरभर पसरला. माझे डोळे चुरचुरले.

"खिडकी उघडू का?" मी विचारलं.

"नको," काका म्हणाले. "रविवार आहे ना. रविवारी आपल्या घरात हा वास असतो." आणि त्यांनी बाही वर सारून दुसरं पातेलं चढवलं.